लातूरच्या मे महिन्यात वाइन कशी ठेवायची?

लातूरकर_४१३: शिराझ (रेड वाइन) आणि शेनिन ब्लाँ (व्हाइट वाइन) यांच्या बाटल्या लोखंडी कपाटात ठेवल्यात. दुपारी पारा ४१-४२ वर. शिराझचं बूच किंचित वर आलंय. वाइन गेली का? आणि रेड खोलीच्या तापमानालाच प्यायची म्हणतात, ते आपल्याकडं कसं जमायचं?

बूचवाला: उष्णतेनं वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. रात्री निवली की आकसते, तेव्हा बुचाच्या कडेनं हवा आत ओढली जाते. खरं नुकसान ही हवा करते. वरची टोपी कापून बघा. बुचाच्या बाजूनं चिकट लाल ओघळ आला असेल तर ती बाटली आधी संपवा. ग्लासात ओतल्यावर कडेला विटकरी झाक, ताज्या फळाऐवजी मुरंब्यासारखा शिजका वास असेल तर वाइन उकडली. अपाय काही नाही, पण मजा गेली.

लोखंडी कपाट सगळ्यात वाईट; दिवसभर तापतं, रात्री निवतं. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली असेल तर विचारूच नका. मे-जूनपुरतं सरळ फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. दारात नको, दर उघडझापीला हिसके बसतात. बूच असेल तर आडवी, फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते.

द्राक्षबाग_जालना: रेडसाठी म्हणतात ते खोलीचं तापमान म्हणजे १६-१८ अंश, थंड मुलखातल्या घरांचं. आपल्याकडच्या ३४ अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात झोंबतं आणि फळाचा वास दबतो. पुस्तकातला ‘अर्धा तास फ्रिजमध्ये’ हा सल्लाही २२ अंशांच्या खोलीसाठी. ३४ वरून १७ वर यायला फ्रिजमध्ये दीड-पावणेदोन तास लागतात, शेनिन ब्लाँ ९-१० अंशांवर आणायला साडेतीन.

घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ. बाटली गळ्यापर्यंत बुडवा. रेड दहा मिनिटांत, व्हाइट वीस मिनिटांत तयार. नुसत्या बर्फात मधे हवा राहते, म्हणून पाणी हवंच. ग्लास एक तृतीयांशच भरा. इथं जास्त ओतली की संपेपर्यंत कोमट होते.

लातूरकर_४१३: उघडल्यावर किती दिवस?

बूचवाला: झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर व्हाइट तीन-चार दिवस, रेड दोन-तीन. निम्मी उरली तर लहान बाटलीत काठोकाठ ओता, हवेला जागा उरत नाही. रेडही उघडल्यावर फ्रिजमध्येच, बाहेर ठेवली की दुसऱ्या दिवशी आंबूस.

संभाजीनगरी: जेवणाचं कोणी बोलेना! नान खलियाबरोबर शिराझ चालते, रस्सा जहाल नसेल तर. ठेचा असेल तर रेड बाजूला ठेवा, तिखटानं तिचा तुरटपणा आणि अल्कोहोलचा जाळ दोन्ही वाढतात. तिथं किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, चांगली गार.