डिस्क 35 टक्केच भरलीय, तरी लॉग सर्व्हर म्हणतो जागा नाही

धागाकर्ता: टाइलवाला ट्रान्स्परन्सी लॉग सर्व्हर लिहिलाय, म्हणजे फक्त भर पडणारी, मागचं गुपचूप बदलता न येणारी नोंदवही. नोंदींचे हॅश (ठसे) टाइल नावाच्या ठराविक आकाराच्या तुकड्यांत जातात. डेटाबेस नाही, सगळं फाइलींत. रात्री लोड टेस्ट लावून झोपलो: सेकंदाला 30 नोंदी, 20 जीबीची ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टीम) डिस्क. साधारण 6 तासांनी लिहिणं बंद, एरर 'जागा शिल्लक नाही'. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) मात्र 35 टक्के दाखवतो! नोंदी गोळा करून एकदम लिहायच्या बॅचची मुदत 10 मिलिसेकंद ठेवलीय, पावती पटकन मिळावी म्हणून.

रात्रपाळी: डीएफला आय लावून बघा. आयनोड (प्रत्येक फाइलीला एक लागतो, संख्या ठरलेली असते) संपलेत, पैज लावतो. मीही यात एक रविवार घालवलाय.

टाइल भरते 256 हॅशना, म्हणजे 8192 बाइट. तोवर प्रत्येक बॅचला अर्धवट टाइल वेगळ्या फाइलीत जाते. सेकंदाला 30 नोंदी आणि 10 मिलिसेकंदांची मुदत, म्हणजे बॅचमध्ये जेमतेम एक नोंद. एक टाइल भरेपर्यंत 255 अर्धवट टाइली आणि नोंदींच्या गठ्ठ्याच्याही तेवढ्याच फाइली. थोडक्यात, नोंदीमागे दोन आयनोड. ईएक्सटी4 नेहमीच्या सेटिंगला 16 केबीमागे एकच आयनोड देते, म्हणजे तुमच्याकडे 13 लाख. भागाकार करा, 6 तासच येतात.

गंमत म्हणजे लोड वाढवला असता तर नोंदीमागे आयनोड कमी लागले असते. बॅच मोठ्या झाल्या असत्या.

मुदत 1 सेकंद करा. पूर्ण टाइल तयार झाली की तिच्या अर्धवट फाइली उडवल्या तरी चालतं. अर्धवट मिळाली नाही तर क्लायंटने पूर्ण टाइल मागायची असते. फक्त ती टाइल सामावणारा चेकपॉइंट (लॉगचा आकार आणि रूट, म्हणजे सगळ्या नोंदींचा मिळून एक हॅश, सांगणारी सही केलेली फाइल) प्रसिद्ध झाल्याशिवाय हात लावू नका.

तिसरा कोपरा: लोड टाकणारी स्क्रिप्ट त्याच मशीनवर आहे का? मग वाचनाचे आकडे धरू नका, मध्ये खरं नेटवर्क येतच नाही. शिवाय पुढे प्रॉक्सी (मधला सर्व्हर) असेल तर टाइली खुशाल कॅश करा, चेकपॉइंट नको. शिळा चेकपॉइंट मिळाला की आपली नोंद हरवली असं वाटतं.

धागाकर्ता: आयनोड 100 टक्के! साफसफाई लावून टेस्ट परत सुरू केलीय. स्क्रिप्ट त्याच मशीनवर होती, हलवली. मध्येच सर्व्हर किल केला तर काय तपासू?

रात्रपाळी: चेकपॉइंटमधल्या आकारापर्यंतच्या टाइलींवरून रूट पुन्हा काढा, जुळलाच पाहिजे. खरं तर किल पुरत नाही, व्हीएमची (आभासी मशीनची) वीजच तोडा. टाइली आधी, चेकपॉइंट शेवटी, तात्पुरत्या फाइलीतून रिनेम करून. आणि एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायला लावणं) डिरेक्टरीलाही. माझा रविवार खरा तिथेच गेला होता.