दहावी, मार्च १९९४, औसा तालुका : वर्गाचा फोटो कोणाकडं आहे का?

माझ्याकडं फाटका अर्धाच उरलाय. मी मागच्या रांगेत, थोरल्या भावाचा सदरा, बाह्या दुमडलेल्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला अन् आपला वर्ग पत्र्याच्या शेडात आला. दुपारी पत्रा असा तापायचा की घाम वहीवर पडून शाई पसरायची.

— आहे गड्या. फक्त उजवा कोपरा वाळवीनं खाल्लाय. रविवारी टाकतो.

— मी मुलींच्या रांगेत, लाल रिबिनीवाली. फळा नव्हता, तर भूमितीच्या सरांनी मातीत काडीनं वर्तुळ काढून प्रमेय शिकवलं. भूकंपात गेलेल्या आपल्या मैत्रिणीची जागा आम्ही परीक्षेपर्यंत मोकळी ठेवली होती.

— आठवतंय. खिडकीकडून दुसरी. तिचा एखादा फोटो असेल तर तोही टाका.