प्रति: जुन्या १६१३ ट्रकला पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) बनवून घ्यायचेत

वरच्या उत्तरात कोणीतरी "दोन पाटे जादा टाका, गाडी लोडने खाली बसणार नाही" म्हटलंय, कायम लोड असेल तर ठीक, पण येताना रिकामी येत असेल तर मागची बाजू नुसती उडते. आणि पाटे मोजत बसू नका, जाडी बघा, कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे १० मिमीच्या जागी १२ चा पाटा टाकला तर तो एकटाच जवळपास पावणेदोन पट कडक. त्यापेक्षा मेन सेट आहे तसा ठेवून वरचा हेल्पर (मेन सेटच्या वर बसवलेला जादा पाट्यांचा सेट) जाड करा, तो लोड आल्यावरच ब्रॅकेटला टेकतो.

यू बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे) मात्र नवेच घाला (तिथे कंजुषी कशाला!) आणि पहिल्या लोडनंतर परत आवळा, ढिले राहिले की सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) कापला जातो आणि एक्सल सरकतो.