सणाची गडबड, घरभर पाहुणे आणि अंगावर पिणारं बाळ

सायली_३म
बाळ ३ महिन्यांचं आहे, फक्त अंगावरच पितं. पुढचा आठवडाभर घरात पाहुणे आहेत, शिवाय एक दिवस ४-५ तासांचा गाडीचा प्रवास. बाळ या हातातून त्या हातात फिरतं, पाजायची वेळ टळते आणि छाती दगडासारखी होते. कालपासून डावीकडे दुखरी गाठ लागते आहे, ताप नाही. गाठ शेकून चोळावी का? दूध काढून ठेवलं तर किती वेळ टिकतं?

रानजाई
आधी गाठीचं. जोरात चोळू नका. आतल्या नळ्यांभोवती सूज असते, चोळल्याने ती वाढते आणि दुधाची वाट आणखी अरुंद होते. पाजून झाल्यावर कापडात गुंडाळलेली थंड पट्टी १०-१५ मिनिटं ठेवा. पाजण्याआधी कोमट कापड दोन मिनिटं ठेवून पान्हा सहज फुटत असेल तर तेवढं चालेल, पण तासन् तास शेकल्याने सूज वाढते. त्या बाजूने पाजणं थांबवू नका. मात्र ‘रिकामी करायची’ म्हणून पंप लावून बसूही नका. जितकं जास्त काढाल तितकं जास्त तयार होतं आणि छाती पुन्हा भरते.

दुखत असेल तर पाजणाऱ्या आईला आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल सहसा चालतं. ताप ३८ अंशांच्या वर गेला, थंडी वाजून अंग मोडून आलं, लाली पसरली किंवा २४ तासांत उतार नाही पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सण संपेपर्यंत थांबू नका, दुर्लक्ष झालं तर तिथे पू होऊ शकतो.

दुधाळ_ढग
वेळ टळते कारण बाळ रडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मूठ तोंडात घालणं, मान वळवून तोंड उघडणं ही भुकेची पहिली चिन्हं, रडणं शेवटचं. रडून लाल झालेलं बाळ नीट तोंडात धरत नाही, बोंड दुखतं आणि दूधही कमी ओढलं जातं. म्हणून घड्याळ लावा: दिवसा दोन-अडीच तास झाले की बाळ परत तुमच्याकडे. मांडीवर कोण घेतं यावर वाद नको, पाजायचं काम मात्र तुमचंच. गोंगाटात बाळ दोन घोट घेऊन मान वळवत असेल तर आतल्या खोलीत, मंद उजेडात पाजा. संध्याकाळी ते लागोपाठ मागेल, त्यावरून दूध कमी पडतंय असं ठरवू नका. २४ तासांत ६ किंवा जास्त लंगोट चांगले ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे. कुणी प्रेमाने पाणी किंवा मध चाटवू पाहील, तेव्हा ठाम नाही म्हणा. सहा महिन्यांआधी पाणी नको आणि वर्षाआधी मध अजिबात नको.

कपाट_फ्रीज
टिकण्याचं गणित, निरोगी आणि पूर्ण दिवसांच्या बाळासाठी:
खोलीत, २५ अंशांपर्यंत: ४ तास.
फ्रीजमध्ये, ४ अंशांना: ४ दिवस. दारात नाही, आतल्या बाजूला.
बर्फाच्या पिशव्यांसह थंड डब्यात: २४ तास.
फ्रीझरमध्ये: ६ महिन्यांपर्यंत उत्तम.

६० ते १२० मिलिलिटरचे भाग करा, म्हणजे वाया कमी जातं. ताजं कोमट दूध गारवलेल्या दुधात थेट ओतू नका, आधी थंड करा. वितळलेलं दूध फ्रीजमध्ये २४ तास चालतं, पुन्हा गोठवायचं नाही. गरम करायला कोमट पाण्यात बाटली ठेवा. मायक्रोवेव्हने काही भाग तापतो, काही गारच राहतो आणि बाळाचं तोंड भाजतं. बाळाने तोंड लावलेली बाटली २ तासांत संपली नाही तर टाका.

सायली_३म
गाडी चालू असताना पाजता येईल का? आणि सर्दीची गोळी घेतली तर?

रानजाई
नाही, बाळ त्याच्या सीटवर पट्ट्यांत बांधलेलंच हवं. दर दोन तासांनी गाडी थांबवा, निघायच्या अगदी आधी पाजा. थांबता येणार नसेल आणि छाती भरली, तर हाताने थोडं काढा: अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून ३-४ सेंटिमीटर मागे, आधी छातीकडे दाबा, मग बोटं जवळ आणा, सोडा. ताण उतरेल एवढंच.

सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन आहे का ते पाकिटावर वाचा. त्याने दूध कमी होऊ शकतं. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

दुधाळ_ढग
शिंका-खोकला असलेल्या किंवा ओठावर फोड आलेल्या पाहुण्यांनी बाळाचा पापा घेऊ नये, इतरांनी हात धुऊनच घ्यावं. हे आल्या-आल्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांगावं, तुम्हाला सांगत बसायला लागू नये.