मदत हवी आहे: बोटीच्या जुन्या इंजिनाचा सेल्फ खरखरतो, स्टार्टर बदलावा की फ्लायव्हीलची रिंग?

नमस्कार मंडळी,

आमची मासेमारीची लाकडी बोट हर्णे बंदरात असते. तिच्यात अशोक लेलँडचे सहा सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन आहे, ज्याला किनाऱ्यावर सगळे ‘चारशे’ म्हणूनच ओळखतात. वडिलांनी ते बसवले त्याला २० वर्षे उलटून गेली आणि तेल, फिल्टर वेळच्या वेळी बदलल्यामुळे त्याने आजवर आम्हाला कधी दगा दिलेला नाही. अडचण आहे ती फक्त सेल्फची, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या विजेच्या स्टार्टर मोटरची.

चावी फिरवली की कधी इंजिन पहिल्याच झटक्यात उचलते, तर कधी दातावर दात घासल्यासारखी कर्कश खरखर होते आणि इंजिन जागचे हलत नाही. चावी सोडून दोन-तीनदा प्रयत्न केला की एखाद्या वेळी दात बसतात आणि इंजिन सुरू होते. गेल्या वर्षी याच तक्रारीसाठी आम्ही स्टार्टर एका वर्कशॉपमध्ये दिला होता. तेथे कार्बन ब्रश व बुश बदलले आणि नवे बेंडिक्सही (स्टार्टरच्या टोकाचा दातेरी भाग) बसवून दिले. पुढचे दोन महिने सर्व ठीक होते, पण दिवाळीनंतर खरखर पुन्हा सुरू झाली आणि ती आता पूर्वीपेक्षा वाढली आहे.

मार्च महिन्यात बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळ्याचा दोर अडकल्यामुळे तो कापण्यासाठी तांडेलाने इंजिन बंद केले. दोर निघाला, परंतु इंजिन सुरू होईना. वारा वायव्येचा होता आणि बोट सुवर्णदुर्गाच्या बाजूच्या खडकांकडे सरकत होती. नवव्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले. बोटीवर सहा माणसे होती आणि त्या दिवसापासून मी ही गोष्ट पुढे ढकलायची नाही असे ठरवले आहे.

सध्या १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी चालू असून बोट आंजर्ले खाडीत आणून, काठावर ओढून शाकारून ठेवली आहे. नवा स्टार्टर आणण्याची तयारी आहे, पण दोष जर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये असेल तर नवा स्टार्टरही त्याच रिंगवर झिजून जाईल अशी भीती वाटते. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि ते काम एकदा बोट पाण्यात गेल्यावर जमणार नाही. नेमका दोष कोठे आहे हे सुटे भाग विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: यंत्रवेध

आपण खरखर कधी होते हे नीट लिहिले आहे, त्यामुळे बरेचसे काम सोपे झाले. इंजिन सुरू झाल्यानंतर आवाज येत असता, तर पिनियन (बेंडिक्सचे छोटे दातेरी चाक) मागे येत नाही, म्हणजे त्याला पुढे ढकलणारे सोलेनॉइड, त्याची स्प्रिंग किंवा चावीचा स्विच चिकटतो आहे असे म्हटले असते. मोटर नुसतीच सुसाट फिरली असती आणि इंजिन हलले नसते, तर बेंडिक्समधला एकदिशा क्लच सरकतो असा त्याचा अर्थ झाला असता. आपल्याकडे मात्र पिनियन रिंगमध्ये शिरतानाच अडते आहे.

यासाठी एक चाचणी करा. तिला खडू आणि पाना यांपलीकडे काहीही लागत नाही. क्रँकच्या पुलीवर आणि तिच्यासमोर इंजिनावर खडूची एकेक खूण करा, आणि ज्या वेळी खरखर होईल त्या वेळी पुली कोठे थांबलेली आहे ते लिहून ठेवा. नंतर बॅटरीची जोडणी काढून, पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने थोडे पुढे फिरवा आणि बॅटरी जोडून पुन्हा सेल्फ मारा. थोडे फिरवल्यावर खरखर नाहीशी होत असेल तर रिंगचे ठरावीक जागचे दात खराब झाले आहेत. कुठेही थांबवले तरी खरखर होत असेल तर दोष स्टार्टरच्या बाजूला आहे.

यामागचे कारण असे की सहा सिलिंडरच्या चारस्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत सहा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा दाबली जाणे) होतात, म्हणजे एका फेरीत तीन. बंद होताना इंजिन पुढच्या कॉम्प्रेशनला अडून जवळजवळ नेहमी त्याच तीन जागी थांबते, आणि पिनियन आयुष्यभर त्याच तीन जागच्या दातांवर आदळत राहते. बाकीची रिंग मात्र नव्यासारखी राहते.

एक काळजी घ्या. बोट कोरड्यावर असताना ही चाचणी करायची असल्याने इंजिन बंद करण्याचा दांडा ओढून धरा, म्हणजे ते सुरू होणार नाही. कोरड्यावर सुरू झाले तर खाऱ्या पाण्याच्या पंपातले रबरी इंपेलर पाण्यावाचून जळून जाईल.

प्रतिसाद: दर्यासारंग

तारांकडेही पाहावे, कारण आमच्या बोटीवर हाच आवाज निव्वळ तारांमुळे येत होता. ट्रकमध्ये चासीचे लोखंडच परतीची तार होते. लाकडी बोटीत ती सोय नसल्यामुळे इंजिनापासून बॅटरीपर्यंत जाड ऋण केबल हवी, आणि तिच्या टोकांची धातूची थिंबळे बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या, दमट हवेत आतून हिरवी पडतात. आपली यंत्रणा २४ व्होल्टची असणार. सेल्फ मारत असताना एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा थेट स्टार्टरच्या जाड खिळ्यावर व त्याच्याच बॉडीवर व्होल्ट मोजा. दोन्हींत एक व्होल्टपेक्षा अधिक फरक असेल तर वीज वाटेतच मरते आहे. व्होल्ट कमी पडले की सोलेनॉइड पिनियनला पूर्ण आत दाबून धरू शकत नाही आणि अर्धवट शिरलेले पिनियन रिंगला कानस मारल्यासारखे घासत राहते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल दिवसभर भाच्याला सोबत घेऊन दोन्ही चाचण्या केल्या.

इंजिन खरोखरच तीन जागी थांबते. त्यांपैकी दोन जागी खरखर हमखास होते, तिसऱ्या जागी अधूनमधून होते, आणि या तीन जागांच्या अधेमधे पुली आणून ठेवली तर एकदाही होत नाही. बॅटरीवर सेल्फ मारताना २१.५ व्होल्ट मिळाले, पण स्टार्टरवर १८.२ च मिळाले. मुख्य स्विच हाताला गरम लागत होता.

त्यानंतर ऋण केबल सोडवून स्टार्टर उतरवला आणि त्याच्या भोकातून टॉर्चच्या उजेडात रिंग पाहिली. खराब जागी आठ-दहा दातांच्या कडा गोल झाल्या आहेत, बाकीचे दात सरळ आहेत. पुढची गोष्ट मला अजिबात अपेक्षित नव्हती. वडिलांनी गेल्या वर्षी उतरवलेले जुने बेंडिक्स एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. ते नव्याच्या शेजारी ठेवून पाहिले, तर जुन्याला ११ दात आहेत आणि नव्याला १०. असे असताना ते चालले तरी कसे?

प्रतिसाद: यंत्रवेध

ते चालले, कारण दातांचा आकार एकच आहे. परंतु एक दात कमी असलेल्या पिनियनचा घेर लहान असतो. स्टार्टर आणि फ्लायव्हील यांच्या केंद्रांतले अंतर तेवढेच राहिल्यामुळे हे पिनियन रिंगमध्ये पुरेसे खोल बसतच नव्हते, फक्त दातांच्या टोकांवर ओढत होते. आधीच थोड्या झिजलेल्या रिंगची उरलीसुरली कड त्याने गेल्या वर्षभरात खाल्ली. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि सोलेनॉइड तपासून ठीक निघाले, तर नवा स्टार्टर घेण्याची गरज नाही. ११ दातांचे बेंडिक्स मात्र हवेच, आणि ते खरेदी करताना जुने सोबत न्या; दात मोजून, शाफ्टच्या खोबणी जुळवून घ्या. बसवल्यावर स्वस्थ स्थितीत पिनियनचे तोंड आणि रिंग यांच्यामध्ये साधारण तीन मिलिमीटर अंतर आहे ना हे पाहा.

आता रिंगविषयी. नवी मिळाली तर उत्तमच, पण न मिळाल्यास जुनी रिंग फ्लायव्हीलवरच ६० अंशांनी फिरवून बसवता येते, म्हणजे थांबण्याच्या तिन्ही जागी चांगले दात येतात. फ्लायव्हील स्वतः फिरवू नका, त्यावर टायमिंगच्या खुणा असतात. रिंग सगळीकडून सारखी तापवून, पितळी दांड्याने घेर धरून हळूहळू ठोकत उतरवावी. परत बसवताना ती २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी आणि आपोआप निवू द्यावी. निळी पडेपर्यंत तापवल्यास किंवा पाणी ओतल्यास दातांचा कठीणपणा जातो किंवा रिंग तडकते. दातांची उतरती कड पिनियन ज्या बाजूने शिरते त्याच बाजूला यायला हवी. झिजलेल्या दातांवर वेल्डिंग भरून कानशीने आकार देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नका. तसे दात काही आठवड्यांत तुटतात, आणि तुटलेला तुकडा घंटीमध्ये (फ्लायव्हीलवरच्या आवरणात) कोठे अडकेल ते सांगता येत नाही.

गिअरबॉक्स उतरवल्यानंतर शाफ्टचे कपलिंग (गिअरबॉक्स व पंख्याचा शाफ्ट जोडणारा भाग) काठावरच जुळवून घट्ट करून टाकू नका. लाकडी बोट पाण्यात गेल्यावर फुगते आणि तिचा आकार थोडा बदलतो. पाण्यात दोन-तीन दिवस राहू द्या, मग फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंचे अंतर पाहून शेवटची जुळणी करा.

मूळ प्रश्नकर्ता

काम झाले, म्हणून येथे लिहीत आहे. नवी रिंग वेळेत मिळाली नाही, त्यामुळे दापोलीच्या एका अनुभवी मिस्त्रींकडून जुनीच ६० अंश फिरवून घेतली. त्यांनी ती भट्टीत तापवली आणि सगळा वेळ मला शेजारी उभे राहू दिले. ११ दातांचे बेंडिक्स रत्नागिरीत मिळाले. मुख्य स्विच आणि दोन्ही जाड केबल बदलल्या. आता सेल्फ मारताना बॅटरीवर २२.१ आणि स्टार्टरवर २१.४ व्होल्ट मिळतात.

दांडा ओढून धरून, तिन्ही खुणांवर पुली आणून, प्रत्येक जागी दहा वेळा सेल्फ मारला. तीस वेळांत एकदाही खरखर झाली नाही. वडील पुलीजवळ बसून मोजत होते आणि मोजून झाल्यावर त्यांनी दहा दातांचे बेंडिक्स त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावली की हे पुन्हा बसवू नये.

येत्या भरतीला बोट पाण्यात उतरवत आहोत. तीन दिवसांनी कपलिंगची अंतरे मोजून ती येथे देईन. ती पाहून काही शंका वाटल्यास कृपया अवश्य कळवावे.