डिमसम दुपारीच खा
ताई, रविवारी घरच्यांना घेऊन नागपूरला डिमसम (बांबूच्या टोपलीत बहुधा वाफवलेले छोटे चिनी पदार्थ) खायला दुपारी जावं की रात्री, असं विचारलंत. दुपारीच जा. दक्षिण चीनमधल्या कँटनकडे हे चहासोबतचं खाणं, सकाळपासून दुपारपर्यंतचं. फोनवर एकच विचारा: पारी इथेच करता की पाकिटातली आणता? कोळंबीच्या 'हार गाव'ची पारी गव्हाच्या सत्त्वाची (आपल्या कुरडयांचा चीक असतो ना, त्याच जातीचं), आतली गुलाबी कोळंबी दिसेल इतकी पातळ. उचलताना फाटली नाही की समजा, करणाऱ्याचा हात चांगला आहे. आमच्या आर्वीकडे डाळीचे फुणके वाफेवरून उतरले की थेट ताटात पडतात; इथेही टोपली उघडली की लगेच खायचं. मंच्युरियन तिथे मागू नका, ते १९७० च्या दशकात मुंबईत जन्मलेलं. त्यासाठी आपल्या बसस्टँडवरचा गाडाच बरा.