बाटली एकदम बंद करू नका

वर कुणीतरी लिहिलंय की मांजराचं बिनआईचं पिल्लू चार आठवड्यांचं झालं की दुधाची बाटली बंद करा, भूक लागली की ते आपोआप खाईल. चार आठवड्यांचं ठीक आहे पण उपाशी ठेवून शिकवणं नाही पटलं, एवढ्याशा जिवाची साखर पटकन उतरते आणि ते मलूल पडतं. त्यापेक्षा तोंडात बघा, दाढा दिसायला लागल्या आणि निपल चोखायच्या ऐवजी चावायला लागलं की बशीतून खायला द्यायला सुरुवात करायची.

आणि बिनआईच्या पिल्लाला बशीतून खातात हेच माहीत नसतं, बघून शिकायला समोर कोणी नसतं ना. आमचं पिल्लू फार भुकेलं असलं की बशीत पाय घालून नुसतं ओरडायचं, मग आधी थोडं बाटलीने पाजायचो आणि जरा शांत झालं की किटन फॉर्म्युल्यात (मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारं दूध) कालवलेलं वेट फूड (मांजरांचं तयार ओलं खाणं) कोमट करून बोटावर चाटायला द्यायचो, बोट हळूहळू बशीकडे न्यायचं. सिरिंजने तोंडात कोंबू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. खाऊन झालं की तोंड-पाय पुसून कोरडे करा (अक्षरशः आंघोळ करतात त्यात!), आणि रोज वजन करा, वाढायचं थांबलं तर बाटली परत वाढवायची.